कोशर म्हणजे रब्बीने मंत्र म्हटलेलं जेवण?

फॉरवर्डमध्ये नेहमी येतं की रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, प्रार्थना म्हणून आशीर्वाद दिला की जेवण कोशर (ज्यू धर्मनियमांनुसार खायला चालणारं) होतं. तसं नाहीये.

ज्यू लोक जेवणाआधी प्रार्थना म्हणतात हे खरंय, त्यामुळे हा समज होणं साहजिक आहे, पण ती जेवणाऱ्याने मानलेले आभार असतात, त्याने पदार्थ कोशर होत नाही. डुकराच्या मांसावर रब्बीने दिवसभर प्रार्थना केली तरी ते कोशर होणार नाही. नियम पदार्थाचेच आहेत. प्राणी दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा हवा, माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून बांगडा चालतो, कोळंबी-चिंबोरी नाही. पदार्थ कोशर आहे का हे बघायला कारखान्यात जो तपासनीस येतो तो सुद्धा घटक कुठले, भांडी-मशीन कशी वापरली हेच बघतो.

स्वतः बघायचं तर मराठी बायबलमधलं लेवीय, अध्याय ११ उघडा, प्राणी-माशांची यादी सरळ दिलीये.

आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली (म्हणजे इथल्या मराठी ज्यू) घरांत मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध घालतात, किती छान जमवलंय ना, नारळाचं दूध हे दुधात मोजतच नाहीत!