एमडीएफ की पार्टिकल बोर्ड? मँटेल करायच्या आधी कड बघा

हॉलच्या भिंतीला फायरप्लेससारखी चौकट करायची टूम घरात निघाली तेव्हा मी पण हसलो, कोल्हापुरात थंडी पडून पडून किती पडणार, पण हे मँटेल म्हणजे नुसतं शोभेचं काम असतंय, दोन बाजूला दोन पाय, वर एक फळी, मधे पोकळी आणि त्यात एलईडीची माळ, बस्स. मग बोर्ड आणायला गेलो आणि तिथंच घोळ झाला. दुकानदारानं पांढरा गुळगुळीत बोर्ड पुढं ठेवला, "एमडीएफच की ओ हे" (म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), रेट ऐकून मी पण खूश. घरी आणून कापला तर आतनं नुसता भुगा. पार्टिकल बोर्ड होता तो.

आता यात माझी पण चूक आहेच, कारण वरनं बघून दोन्ही ओळखायला येतच नाहीत, दोन्हीवर मेलामाईनचा तोच डिझाईनचा थर दाबून बसवलेला असतो. कापलेली कड बघायची. एमडीएफची कड सगळीकडं एकसारखी तपकिरी, जाड पुठ्ठ्यासारखी, आणि पार्टिकल बोर्डाची कड म्हणजे चिक्कीची वडी मोडल्यासारखी, मधे जाड चिप्स, वरच्या-खालच्या बाजूला बारीक. कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर आयएसआय शिक्क्याचा नंबर वाचा, थर दिलेल्या एमडीएफला १४५८७ आणि तसल्याच पार्टिकल बोर्डाला १२८२३. (साध्याला अनुक्रमे १२४०६ आणि ३०८७.)

फरक बनवण्यातच आहे. एमडीएफसाठी लाकडाचे तुकडे वाफेवर मऊ करून दळतात, पार तंतू मोकळे करतात, मग रेझिन, म्हणजे चिकटवायचा डिंक, घालून गरम प्रेसखाली दाबतात. पार्टिकल बोर्डात तंतूपर्यंत जातच नाहीत, चिप्स आणि भुसा तसाच रेझिनमधे दाबतात. आणि त्याला लाकूडच पाहिजे असं पण नाही, बगॅस चालतंय, म्हणजे कारखान्यात ऊस पिळून जे राहतं ते, तेव्हा निदान आपण कोल्हापूरकरांनी तरी पार्टिकल बोर्डाला फार नावं ठेवू नयेत.

पण मँटेलचं खरं काम नक्षीत असतंय. वरच्या फळीच्या कडेला राउटरनं (लाकूड कोरायचं मशीन) गोलवा काढायचा, पायांवर उभ्या खाचा मारायच्या, आणि हे एमडीएफमधे लोण्यासारखं होतं कारण त्याला लाकडासारख्या रेषाच नाहीत, राउटरचं पातं कुठूनही फिरवा. पार्टिकल बोर्डावर राउटर लावला की चिप्स उडून कड कुरतडल्यासारखी दिसते, लांबी (पुट्टी) भरून कितीही घासा. म्हणून रंगवायचं मँटेल असेल तर साधा, थर नसलेला एमडीएफच घ्या, त्यात वाद नाही. फक्त त्याची कापलेली कड रंग पिते, आणि पाण्याचा प्रायमर मारला तर तंतू उभे राहून खरखरीत होते, तिथं ऑइल प्रायमर मारायचा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, परत एक हात द्यायचा. धूळ पिठासारखी बारीक उडते, मास्क लावून गॅलरीत कापा, नाहीतर आई आठवडाभर बोलते (अनुभव).

स्क्रूचं दोघांचंही एकच रडगाणं, कडेतनं मारला की एमडीएफ चिरतो आणि पार्टिकल बोर्ड ढिला सोडतो, आधी बारीक ड्रिल पाहिजेच. वजन विसरू नका, १८ एमएमचा आठ बाय चारचा एमडीएफ साधारण ४० किलो भरतो, त्यामुळं चौकट नुसती चिकटवून ठेवायची नाही, भिंतीत गिट्ट्या (स्क्रू धरणाऱ्या खुंट्या) ठोकून आधी लाकडी पट्टी कसायची आणि तिच्यावर चौकट बसवायची. वरची फळी लांब असली तर मधे झोल येतो, पार्टिकल बोर्डाला जास्त, पुढच्या कडेला दीड इंची लाकडी पट्टी उभी चिकटवली की बराच थांबतो.

पाण्याचं मात्र दोघांनाही वावडं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांना सांगायला नको, पार्टिकल बोर्डाची कपाटं खालनं फुगून ढासळतात, एमडीएफ फुगतो पण अख्खा राहतो, अर्थात परत पहिल्यासारखा होत नाहीच. हिरवट बोर्ड बघून वॉटरप्रूफ समजू नका, तो रंग ओळखीसाठी घातलेला असतो, आणि ओल झेलणारा म्हणजे पाण्यात बुडवायचा नव्हे. मँटेलचे पाय फरशीपासनं अर्धा इंच वर ठेवा, पुसायचं पाणी लागत नाही.

माझा तो फसलेला बोर्ड वाया नाही गेला, सपाट आणि न दिसणारं काम त्याला छान जमतं, तो पोकळीच्या मागं लावला. गौरीला वहिनीनं त्याच पोकळीत समई ठेवायचं काढलं होतं, तेवढं मात्र मी हाणून पाडलं, दोन्ही बोर्ड जळतात, समई बाहेर पाटावर, आत एलईडीच.