पोर्ट बदलला की रिमोट डेस्कटॉप सुरक्षित होतो का?

रिमोट डेस्कटॉप म्हणजे लांबून दुसरा विंडोज कॉम्प्युटर चालवायची सोय, आणि पोर्ट म्हणजे त्यासाठी कॉम्प्युटरवर उघडं असलेलं क्रमांकाचं दार. ‘रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट बदलून दुसरा कुठलाही आकडा टाका, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं कोणी शिरू शकत नाही’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण बदल केल्यावर फरक खरंच दिसतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी कमी होतात.

कमी होतात, थांबत नाहीत. फक्त ३३८९ तपासणारे प्रोग्रॅम गळतात, एवढंच. पोर्ट एकूण ६५,५३५. ते सगळे तपासणं स्कॅनरला जड नाही, आणि उघडा पोर्ट सापडला की मिळणाऱ्या उत्तरावरून आत रिमोट डेस्कटॉप आहे हे ओळखू येतं. आकडा कुठलाही असो, पासवर्ड कच्चा असेल किंवा विंडोजचे अपडेट राहिले असतील तर धोका तेवढाच.

पडताळणी सोपी आहे. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून पोर्ट स्कॅनर ॲपने आपल्याच ऑफिसचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तपासा (दुसऱ्याचा नको). नवा पोर्ट ‘ओपन’ दिसला, तर तो इतरांनाही दिसतो.

राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगच, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी थेट आतल्या कॉम्प्युटरकडे पाठवणारी सेटिंग, काढून टाका. आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) जोडायचं, तेही पासवर्डसोबत ओटीपी मागणारं, आणि मग त्यातून रिमोट डेस्कटॉप. सेटअपला थोडा जास्त वेळ जातो खरा. चुकीच्या पासवर्डनंतर खातं काही काळ लॉक होईल अशी सेटिंगही ठेवा. एवढं केल्यावर पोर्ट ३३८९ च राहिला तरी चालतं.