भाग न देता पारखलेली मूळ संख्या

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या शोधाची बातमी बऱ्याच ठिकाणी ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशी छापली गेली. अशी संख्या असूच शकत नाही. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं आहे. मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातल्या ल्यूक ड्युरँट यांना सापडली ती तोवर माहीत असलेल्यांतली सर्वांत मोठी: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

पण तिला अवयव नाहीत हे कळलं कसं? शाळेतल्यासारखं २, ३, ५, ७ ने भागत वर्गमुळापर्यंत जायचं, तर वर्गमूळच दोन कोटी अंकी!

इथे ‘२ चा घात वजा १’ अशा रूपाच्या संख्यांसाठीची लुका-लेमर चाचणी कामी येते. ४ घ्या. त्याचा वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागा, फक्त बाकी ठेवा. बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी, इतक्या वेळा करून शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, म्हणून तीन फेऱ्या: १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. आणि २०४७, म्हणजे २ चा अकरावा घात वजा १? नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात. ती २३ गुणिले ८९ आहे.

भागाकारही करावा लागत नाही. ३२ ला ३१ ने भागलं की १ उरतो. म्हणून १९४, म्हणजे ६ वेळा ३२ अधिक २, याची बाकी सरळ ६ + २ = ८. संगणकाच्या द्विमान पद्धतीत हे म्हणजे अंकांचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज करणं. इतकं देखणं गणित क्वचित भेटतं.

४ च का? ती २+√३ आणि २−√३ यांची बेरीज आहे, आणि या दोघांचा गुणाकार १. त्यामुळे वर्गातून २ वजा केले की दोघांच्या वर्गांची बेरीज मिळते. २+√३ ला स्वतःनेच गुणत फक्त बाकी ठेवत गेलं, की कधीतरी पुन्हा १ येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं; हे एक आवर्तन. शेवटी शून्य येणं म्हणजे हे आवर्तन तपासायच्या संख्येतल्या २ च्या पूर्ण घाताइतकं लांब असणं. संख्येला वर्गमुळाहून मोठा नसलेला मूळ अवयव असता, तर त्याच्या बाक्यांच्या जगात एवढं लांब आवर्तन मावलंच नसतं.

अवयव न शोधताही निकाल लागतो. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हे चाचणीच्या नावातल्याच लुकाने १८७६ मध्ये दाखवलं; तिचे अवयव १९०३ मध्ये गणितज्ञ कोलने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

या शोधाने बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील, हा दावा खोटा आहे. तिथे सुमारे तीनशे अंकी, गुप्त मूळ संख्या पुरतात. जगजाहीर संख्येचा तिथे उपयोग काय? अंकांची बेरीज करून भाग्यांक सांगणाऱ्यांच्या हातीही यातून काही लागणार नाही. एक उपयोग मात्र खरा आहे: गिम्प्सच्या प्रोग्रामने संगणकावर असा ताण येतो की २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष त्यातूनच उघड झाला.