आझाद मैदानातला एकटा उपोषणकर्ता : पार्श्वभूमी

सरकारी कामातल्या भ्रष्टाचाराचा आरोप घेऊन मुंबईत कुणी एकटा उपोषणाला बसतो, तेव्हा तो कुठे बसणार, किती वाजेपर्यंत बसणार आणि त्याला कोणत्या कलमाखाली उचलता येईल, हे बरेचसे आधीच ठरलेले असते. आणि त्याच्या उपोषणातून काही निष्पन्न होणार की नाही, हे उपाशी दिवसांपेक्षा त्याच्या पिशवीतल्या कागदांवर जास्त अवलंबून असते. मुंबईत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे आरोप तडीला गेले, ते पाहिले की हे स्पष्ट दिसते.

दारात बसून न्याय मागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत आणि नंतरही थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरत, सावकार कुळाच्या दारात बसे. इंग्रजांनी या प्रथेला फौजदारी कायद्यात आणले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ५०८ मध्ये, समोरच्यावर दैवी कोप होईल असा समज करून देण्यासाठी त्याच्या दारात धरणे धरणे हे गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दिलेले होते. पुढे १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह काढला. १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबा भावे पहिले सत्याग्रही झाले. त्या सत्याग्रहाची पद्धत आजही उपयोगी आहे : माणूस एकच, मागणी एकच, आणि वेळ-ठिकाण अधिकाऱ्याला आधी लेखी कळवलेले.

मुंबईत सचिवालयाची, म्हणजे आजच्या मंत्रालयाची इमारत १९५५ मध्ये उभी राहिली आणि आंदोलनांचे तोंड तिकडे वळले. मोर्चे काळा घोडा, हुतात्मा चौक भागात अडवले जात. वाहतूक तुंबायची, कचेऱ्यांना आणि रहिवाशांना त्रास व्हायचा. नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातल्या रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ पासून दक्षिण मुंबईतली आंदोलने आझाद मैदानाच्या राखीव भागात बंदिस्त झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिका मुख्यालय इथून रस्ता ओलांडला की आले. मंत्रालय मात्र लांब राहिले. ज्याच्याविरुद्ध बसायचे, त्याच्या नजरेपासून दूर बसायचे, ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे आणि ती एकट्या माणसाला सर्वात जास्त भोवते. हजारोंच्या मोर्चाचा आवाज मैदानाबाहेर जातो; एका माणसाचा जात नाही.

कायद्याने बेकायदेशीर जमाव ठरायला किमान पाच माणसे लागतात. म्हणून एकट्यावर जमावबंदी थेट लागू होत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ दोन पातळ्यांवर काम करते. ३७(३) सभा-मिरवणुकांना मनाई करते. ३७(१) मात्र घोषणा देणे, पुतळे किंवा प्रेते यांचे जाहीर प्रदर्शन करणे, प्रक्षोभक भाषण करणे यांवर बंदी घालू शकते, आणि ही बंदी एका माणसालाही लागू होते. शहरात असे आदेश १५-१५ दिवसांनी नव्याने निघत राहतात. शिवाय कलम ६८ प्रमाणे पोलिसाची वाजवी सूचना पाळणे बंधनकारक आहे आणि ६९ प्रमाणे न पाळणाऱ्याला तिथून हलवता येते. मंत्रालयाच्या फाटकाशी एकटा फलक घेऊन उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा याच दोन कलमांनी उचलला जातो.

उपोषणाला दुसरी एक टांगती तलवार आहे. पूर्वी दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. पण लोकसेवकाला त्याचे कायदेशीर काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर कलम २२६ लागते. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. त्यामुळे निवेदनात 'आमरण उपोषण' लिहायचे की 'बेमुदत उपोषण', हा नुसता शब्दांचा खेळ राहत नाही. आणि 'आत्मदहनाचा इशारा' तर लिहूच नये. तो लिहिला की भ्रष्टाचाराची तक्रार बाजूला पडते, पोलीस ठाण्याची नोटीस येते, आदल्या रात्री ताब्यात घेतले जाते आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या इशाऱ्याबद्दलच होत राहतो. मंत्रालयातच २०१८ च्या जानेवारीत धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी विष घेतले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेब्रुवारीत एकाने इमारतीवरून उडी घेतली. यंत्रणेने काय केले? मधल्या चौकात जाळी बसवली.

आता कागदांकडे. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर आरोप झाला की सरकारी नियंत्रणाखालचे सिमेंट बिल्डरांना देताना त्यांच्याकडून विश्वस्त संस्थांसाठी देणग्या घेतल्या गेल्या. प. बा. सामंत आणि इतरांची याचिका उच्च न्यायालयात गेली, न्या. बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटवाटप आणि देणग्या यांचा मेळ लावून पाहिला, आणि जानेवारी १९८२ मध्ये निकाल येताच अंतुल्यांनी राजीनामा जाहीर केला. दुसरीकडे रामदास नायक यांनी खाजगी फौजदारी फिर्याद केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याबद्दल कुणीही नागरिक विशेष न्यायाधीशापुढे फिर्याद करू शकतो. तो स्वतः पीडित असायला हवा असे नाही. सामंत आणि नायक दोघेही पक्षाची माणसे होती, हे खरे. पण त्यांच्या निमित्ताने मिळालेला हा अधिकार कुठलाही पक्ष नसलेल्या माणसाचाही आहे, आणि मैदानात बसणाऱ्या फारच थोड्यांना तो माहीत असतो. तो अधिकार पुढे अरुंद झाला, हेही माहीत असावे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाच पूर्वमंजुरी लागते, आणि खटला चालवायला कलम १९ ची मंजुरी वेगळी. दोन्हींना तीन महिने, अधिक एक महिना अशी मुदत आहे. लाच घेताना रंगेहाथ पकडले असेल, तर १७अ आड येत नाही.

लोकायुक्तांचा रस्ताही मुंबईचाच. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात १९७२ पासून लोकायुक्त काम करू लागले. देशात प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारे हे पहिले राज्य. कार्यालय मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात आहे. तक्रार दोन प्रकारची असते. प्रशासनाच्या चुकीमुळे स्वतःवर अन्याय झाला, तर गाऱ्हाणे, त्याची मुदत १२ महिने. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर तीन वर्षे आणि सोबत शपथपत्र. शपथपत्र नसणे आणि मुदत उलटणे या दोन कारणांनी चांगल्या तक्रारीही बाद होतात. लोकायुक्त शिफारस करतात, आदेश देत नाहीत, म्हणून जास्त अधिकार असलेल्या नव्या कायद्याची मागणी होत राहिली. ते विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले.

अण्णा हजारे यांचे नाव इथे टाळता येत नाही, जरी त्यांच्यामागे १९९१ पासून भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन ही संघटना होती. युती सरकारच्या मंत्र्यांविरुद्ध त्यांनी केलेल्या आरोपांतून दोन गोष्टी घडल्या : मंत्र्यांना जावे लागले, आणि १९९८ मध्ये बदनामीच्या खटल्यात अण्णांनाही तुरुंगात जावे लागले. आरोपाचा फलक लिहिणाऱ्याने ही दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बदनामीचा गुन्हा न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून कायम आहे. 'अमुक कामाच्या देयकात खोदाईचे मोजमाप दोनदा धरले आहे, चौकशी करा' हे वाक्य कागदाने सिद्ध करता येते. 'अमुक अधिकारी चोर आहे' हे सिद्ध करायला आयुष्य जाते.

९ ऑगस्ट २००३ ला अण्णा आझाद मैदानात बसले. चार मंत्र्यांविरुद्ध आरोप आणि माहिती अधिकाराचा कायदा या मागण्या होत्या. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि मंत्र्यांच्या चौकशीसाठी न्या. पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. फेब्रुवारी २००५ च्या अहवालात तीन मंत्र्यांवर ठपका आला. त्याच अहवालात अण्णांच्या संस्थेच्या खर्चावरही ठपका होता. चौकशी मागणाऱ्याचे स्वतःचे हिशेबही चौकशीत येतात, म्हणून संस्था असेल तर तिच्या वह्या आधी नीट करून मगच मैदानात उतरावे. २०११ च्या डिसेंबरात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावरचे त्यांचे लोकपाल कायद्यासाठीचे उपोषण दुसऱ्या दिवशीच थांबले. प्रसिद्धी त्या वेळी अमाप होती. जे द्यायचे ते संसदेच्या हाती होते.

१२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला आणि एकट्या माणसाच्या हातात खरे साधन आले. कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श इमारतीचे प्रकरण २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत गेले, त्यामागे माहिती अधिकारातून काढलेल्या कागदांचा मोठा वाटा होता. अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. इथेच बहुतेकांचे फसते. 'हे काम निकृष्ट का झाले?' असे विचारले की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असे उत्तर येते. विचारायचे ते नेमके दस्तऐवज : कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची) पाने, सर्व देयके, साहित्याचे चाचणी अहवाल, नस्तीवरच्या (म्हणजे फाइलवरच्या) टिपण्या. रस्त्याच्या किंवा नाल्याच्या कामात मोजमाप पुस्तक आणि देयके समोरासमोर ठेवली की जे दिसायचे ते दिसते. माहिती फार विस्तृत आहे असे कळवले, तर नस्तीची पाहणी मागावी; पहिला तास विनाशुल्क असतो. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीच्या कचेऱ्या आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात, त्यासाठी अर्जही लागत नाही. उत्तर न आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, दोन्हींना २० रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिलाच अर्ज चोख हवा. या कामात जीवही गेले आहेत. जमीनव्यवहारांचे कागद बाहेर काढणाऱ्या एका कार्यकर्त्याचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला. मिळालेल्या प्रतींचा एक संच दुसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवणे ही साधी आणि आवश्यक काळजी आहे.

मैदानात बसायचे तर अर्ज आझाद मैदान पोलीस ठाण्यात द्यावा लागतो : नाव, पत्ता, तारीख, वेळ, विषय, माणसांची संख्या. 'संख्या : १' असे स्पष्ट लिहावे. हमीपत्र घेतले जाते, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. परवानगी दिवसाची असते आणि संध्याकाळी संपते. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनालासुद्धा सुरुवातीची परवानगी एक दिवसाची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आणि ५,००० माणसांपुरती होती. म्हणून मुक्काम गृहीत धरू नये. निवेदनाच्या प्रती संबंधित विभागाच्या टपाल कक्षात देऊन प्रत्येकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. तोंडी 'दिले आहे' याला नंतर कुठेही किंमत राहत नाही.

शरीराचेही गणित आहे. साधारण एका दिवसात यकृतातला साखरेचा साठा संपतो, मग शरीर चरबी वापरू लागते आणि लघवीत कीटोन दिसतात. मुंबईच्या दमट उकाड्यात भुकेआधी पाणी आणि क्षार घात करतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बसूच नये. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, उभे राहताच अंधारी आली किंवा ठोके अनियमित झाले, तर शेजारच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात जाण्यात कमीपणा नाही. पाच दिवसांहून लांबलेले उपोषण सोडताना मोठा ग्लासभर गोड रस घटाघटा पिणे धोक्याचे आहे : साखर वाढली की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरते आणि हृदयावर ताण येतो. थोडे थोडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी१ जीवनसत्त्व आधी देऊन सुरुवात करतात.

आणि रस घेण्याआधी पत्र वाचावे. लेखी आश्वासन म्हणून जे हातात येते, त्यात बहुधा 'नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल' एवढेच असते. जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचे पदनाम, चौकशी अधिकारी कोण आणि अहवाल कोणत्या तारखेला, या पाच गोष्टी त्यात नसतील तर दुरुस्त करून मागावे; अधिकारी समोर असतो तोवर ते होते, तो गाडीत बसला की होत नाही. अहवालाची तारीख उलटली की त्याच जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन, नस्तीवर आजवर झालेल्या सर्व टिपण्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागायच्या.