गोल्डफिश पालन (घरगुती)

गोल्डफिश म्हणजेच सोनमासा हा गोड्या पाण्यातला कार्प कुळातील मासा (कॅरॅसियस ऑरॅटस). रोहू, कटला, मृगळ हे त्याचे भाऊबंद. शोभेचा म्हणून विकला जात असला तरी खादाडपणा, वाढ आणि तळ उकरण्याची सवय अस्सल कार्पचीच. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी करड्या-हिरवट माशांत अधूनमधून निपजणारे सोनेरी मासे वेगळे राखून त्यांची पैदास सुरू झाली. १७व्या शतकात तो युरोपात पोचला. ओरांडा, र्‍युकिन, ब्लॅक मूर, बबल आय हे आखूड अंगाचे प्रकार. कॉमेट व शुबुन्किन लांब अंगाचे, चपळ.

नीट सांभाळलेला गोल्डफिश १० ते १५ वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला 'टिश' नावाचा मासा १९९९ पर्यंत जगला. आपल्याकडे मात्र अनेक घरांत तो दोन-तीन महिन्यांत दगावतो, आणि बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, माशाचा नव्हे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो अगदी थोडा असला तरी कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट (हेही विषारीच) आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच संध्याकाळी चार मासे सोडले, तर ते या जीवाणूंच्या आधीच येऊन बसतात.

आपल्याकडची सर्वात घातक सवय म्हणजे दर पंधरा दिवसांनी टाकी रिकामी करून खडे, स्पंज, काचा नळाखाली घासून काढणे. टाकी लखलखते, पण जीवाणूंची वसाहत मोरीत जाते आणि विषाचे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्याऐवजी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी नळीने तळातला गाळ ओढत काढावे, तितकेच नवे घालावे. स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मासा आणि जीवाणू दोघांनाही मारते. उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास ते बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे जंतुनाशक संयुग) मात्र उडत नाही, त्यासाठी दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब लागतात. बोअरवेलचे जड पाणी गोल्डफिशला सहसा मानवते.

टाकीबाबत दुकानदाराचे ऐकण्यापेक्षा हिशेब करावा. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. ते एका माशालाही तोकडे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर मावते, आणि तिच्यात आखूड अंगाचे तीन-चार मासे सुखाने राहतात. लांब अंगाचा कॉमेट फूटभरही वाढू शकतो, त्याला हौदच बरा. काचेचा गोल बाऊल हे तर माशाचे घरच नव्हे: पाणी थोडे, हवेला लागणारा पृष्ठभाग लहान, फिल्टरला जागा नाही. रोम शहराने २००५ मध्ये असे बाऊल बंद केले, ते योग्यच झाले.

गोल्डफिश थंड पाण्यातला. १८ ते २४ अंश सेल्सिअस त्याला सोसवते, त्यामुळे हीटर लागत नाही. काळजी घ्यावी लागते ती उन्हाळ्याची. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि अमोनियाचा जहालपणा वाढतो. नागपूर-जळगावकडच्या एप्रिल-मे महिन्यांत टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, पाण्यावर पंख्याचा वारा घ्यावा. बर्फ थेट टाकू नये. एकाएकी झालेला तापमानबदल त्याला झेपत नाही.

गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले सरळ आतड्यात जाते. म्हणून दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मासा काचेशी येऊन तोंड हलवतो तेव्हा तो उपाशीच असतो असे नाही. उकडून साल काढलेला मटार पोट साफ ठेवतो. वरवर तरंगणारे दाणे खाताना आखूड अंगाचे मासे हवा गिळतात आणि उलटेसुलटे पोहू लागतात, म्हणून त्यांना बुडणारे दाणे द्यावेत.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर ते 'इक' या परजीवीचे लक्षण. खवले अननसासारखे उभे राहिले तर जलोदर, आणि त्यातून मासा क्वचितच वाचतो. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच जुन्यांत सोडावा.

टाकीत न मावणारा मासा तळ्यात किंवा नदीत सोडू नये. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेत असे सोडलेले गोल्डफिश तळ ढवळून पाणी गढूळ करतात आणि तिथल्या मूळच्या जलचरांना उपद्रव देतात. मोठी टाकी किंवा हौद असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाकडे तो द्यावा.