२००३ चा अंधार कॅल्क्युलेटरने केला नाही, व्हायरसनेही नाही

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातल्या ओंटारिओत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ग्राफिंग, म्हणजे आलेख काढणाऱ्या, कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहिणारे हौशी लोक गमतीत म्हणतात, 'तो आमचाच उद्योग!' चार बारीक सेलवर चालणारं ते यंत्र. विजेच्या जाळ्याशी त्याचा संबंधच नाही. पण त्याच आठवड्यात पसरलेल्या 'ब्लास्टर' वर्मने (संगणकांतून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, पाडलं, ही समजूत मात्र आजही लोक खरी मानतात. ती चूक आहे.

दोन्ही देशांच्या संयुक्त कृतिदलाने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला. वर्ममुळे किंवा घातपातामुळे वीज गेल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. सापडली ती वाढलेली झाडं.

ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या ३४५ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या वाहिन्या दुपारी ३.०५ पासून एकेक करून झाडांना टेकून बंद पडल्या. पहिली तर क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भारावर होती! म्हणजे दोष भाराचा नव्हता, फांद्या न छाटण्याचा होता. एक वाहिनी गेली की तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जातो, त्या तापतात, तारांना झोळ पडतो आणि त्याही झाडांना टेकतात.

नियंत्रण कक्षाला हे कळायला हवं होतं. पण तिथली धोक्याची सूचना देणारी प्रणाली २.१४ लाच गप्प झाली होती. सॉफ्टवेअरमधल्या दोन प्रक्रियांनी एकाच माहितीवर एकाच वेळी हात घातला आणि ती अडकली. हा मूळ प्रोग्रॅममधलाच दोष, बाहेरून कोणी घुसवलेला नव्हे. ४.१० च्या सुमारास न्यूयॉर्क, डेट्रॉइट, टोरांटो अंधारात गेली.