अंगठ्याचे टक्के किती?

सोलापूरच्या पूर्व भागात मागावर कुणाचा अंगठा गेला, की भेटायला येणारे विचारतात, "टक्के किती बसले?" म्हणजे भरपाईसाठी अपंगत्व किती टक्के धरलं? हा टक्का कुठून आला ते पाहायचं तर मिलच्या काळात जावं लागतं.

1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हा जखमी कामगारासाठी वेगळा कायदाच नव्हता. 1855 चा घातक अपघात कायदा होता, पण तो मेलेल्याच्या वारसांसाठी, आणि चूक समोरच्याची हे त्यांनीच सिद्ध करायचं. हात गमावून जिवंत राहिलेल्याला दिवाणी कोर्ट उघडं होतं, कागदावर. विलायती न्यायतत्त्व तर असं, की शेजारच्या साचेवाल्याच्या (मागावरच्या कामगाराच्या) चुकीने लागलं तर मालकाचा संबंध नाही.

1 जुलै 1924 ला कामगार नुकसानभरपाई कायदा (1923 चा) लागू झाला आणि चुकीचा वाद बाजूला पडला. कामावर असताना, कामामुळे लागलं ना? मग मालकाने भरायचं. सोबत कोणत्या इजेला किती टक्के याचा तक्ता आला. आजचे त्यातले आकडे असे: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. धोटा उडून एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर 40. वाचताना अंगावर काटा येतो, पण याच तक्त्यामुळे अंगठ्याची किंमत काय यावर भांडत बसावं लागत नाही. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, गुणिले वयानुसार कायद्याने ठरवून दिलेला आकडा, गुणिले अपंगत्वाचा टक्का. 30 वर्षांचा विणकर, धरलेला पगार 15,000 आणि अंगठा गेलेला, तर साधारण 5 लाख 61 हजार. अडतं ते पगारावर, कारण बहुतेकांकडे पगाराची चिठ्ठीच नसते.

तक्त्याला धक्का 1975 मध्ये बसला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. तक्त्याप्रमाणे 70 टक्के. पण एका हाताने सुतारकाम कसं करणार? सुप्रीम कोर्टाने 100 टक्केच कायम ठेवले.

रस्त्यावरच्या अपघातांची वाट वेगळी. 1939 च्या मोटार कायद्यातला सक्तीचा विमा 1946 पासून लागू झाला. 1956 च्या दुरुस्तीने राज्य सरकारांना दावा न्यायाधिकरणं नेमता आली. म्हणजे कायदा दिल्लीचा, पण न्यायाधिकरण आणि त्याचे नियम राज्याचे. पुणे रोडवर ट्रकने उडवलेल्या माणसाचा क्लेम तिथे जातो. तिथे तक्ता नाही. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये वयाप्रमाणे गुणक (वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो आकडा) ठरवून दिले, तर 2010 मध्ये सांगितलं, की डॉक्टरच्या दाखल्यातला टक्का जसाच्या तसा उचलू नका, कमाई किती बुडाली ते बघा. डावा हात गेलेला ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांचं नुकसान सारखं नसतं.

रस्ता अपघाताचा दावा लावायच्या मुदतीचा मात्र खेळखंडोबा. 1994 मध्ये मुदत काढून टाकली, 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची परत आली, आणि तो वाद सुप्रीम कोर्टात गेला. शहाण्याने सहा महिने धरूनच चालावं.

कामगारांचा जुना कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला. इजांची यादी तिथेही आहे. अपिलासाठी मात्र पूर्वी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून मुंबई गाठायची. 18 ऑगस्ट 2025 ला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून सोलापूरची अपिलं तिकडे जातात.